मालकाचं नाव दगडावरच लिहिलंय: ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ,
ब्रिटिश म्युझियम, लंडन

सप्रेम जय भीम, नमो बुद्धाय.

मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावचा माणूस, चौतीस वर्षं तलाठी म्हणून नोकरी केली आणि आता रिटायर झालोय. तलाठी म्हणजे गावातल्या जमिनीचा हिशेब ठेवणारा सरकारी माणूस, कुठली जमीन कुणाच्या नावावर, कोण कसतंय, कुणाकडून कुणाकडं कशी गेली, हे सगळं ज्याच्या दप्तरात असतं तो. माझं अख्खं आयुष्य या एकाच प्रश्नात गेलंय की मालक कोण आणि कब्जा कुणाचा, आणि हे दोन वेगळे असू शकतात हे मी रोज बघितलंय, म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. इतिहासकार नाही मी, पण कागद वाचता येतो.

विषय अमरावतीच्या स्तूपाचा, आणि त्याच्या ज्या शिळा तुमच्याकडं आहेत त्या परत द्या ही मागणी. आमच्या वाचकांसाठी आधीच सांगतो, ही विदर्भातली अमरावती नाही, ही आंध्रातली, गुंटूरच्या बाजूची, कृष्णा नदीच्या उजव्या काठावरची. महाबळेश्वरला जी कृष्णा उगम पावते, वाईवरून, कराडवरून, सांगलीवरून जाते, तीच पुढं कर्नाटक तेलंगण करत तिथं पोचते. माझी आई कृष्णामाई म्हणायची, आणि त्याच माईच्या काठावर सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एक महाचैत्य, म्हणजे हाच मोठा स्तूप, उभं राहिलं, त्या गावाचं जुनं नाव धान्यकटक. आज त्या चैत्याच्या कठड्याचे खांब, सूची म्हणजे खांबांमधले आडवे दगड, घुमटाच्या पायाशी लावलेल्या कोरीव शिळा, असं एकूण १२० च्या आसपास नग तुमच्याकडं आहेत, ३३अ नंबरच्या खोलीत काचेच्या आत आणि उरलेलं गोदामात.

ती खोली मी बघितलीय. मुलगी नोकरीनिमित्त तिकडं असते, तिच्याकडं गेलो होतो तेव्हा दोन दिवस ओळीनं तुमच्या म्युझियममध्ये आलो, तिकीट नाही ही चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पहिल्या दिवशी मी त्या एका शिळेपुढंच उभा राहिलो जिच्या दोन्ही बाजूला कोरीव काम आहे. एका बाजूला इसवी सनाच्या आधीचं काम, त्यात बुद्ध माणसाच्या रूपात नाहीच, बोधिवृक्ष आहे, खाली रिकामं आसन आहे आणि भोवती हात जोडलेली माणसं. मग तीनएकशे वर्षांनी कुणीतरी तीच शिळा उलटी करून मागच्या बाजूला अख्खा स्तूप कोरला, घुमट, कठडा, दारातले सिंह, समोरच्या ओट्यावरचे पाच खांब, ज्यांना आयक खांब म्हणतात ते, वर हवेत तरंगणारे देव, गर्दी नुसती. ती शिळा बघितली नाही तर तो स्तूप कसा दिसत होता हे आज कुणालाच धड सांगता येणार नाही कारण जागेवर आता घुमट नाहीच. म्हणजे घर गेलं आणि घराचा फोटो तेवढा राहिला, आणि तो फोटो घरापासून हजारो मैलांवर आहे. बायको बुद्धपदाच्या शिळेपुढं गेली. पावलं, पावलांवर धम्मचक्र. आमच्या विहारात आम्ही गुडघे टेकून वंदन करतो, तिथं तिनं काचेपुढं उभं राहूनच हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. मी काही बोललो नाही तिला, मला पण तेच करायचं होतं.

आता मुद्द्यावर येतो.

तुमच्याकडं या शिल्पांचा जो इतिहास सांगतात तो मी वाचलाय आणि त्यात एक सूर कायम असतो, की ही शिल्पं नष्ट होत होती आणि ती वाचवली गेली. यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथला जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू यानं अमरावतीला नवं गाव वसवायला घेतलं, आणि तिथलं जे टेकाड होतं, लोक त्याला दीपालदिन्ने म्हणजे दिव्यांची टेकडी म्हणायचे, ते विटा आणि दगडांसाठी उकरायला सुरुवात झाली. कोरीव शिळा घरांना, पायऱ्यांना, तळ्याला लागल्या. कॉलिन मॅकेन्झी हा ईस्ट इंडिया कंपनीचा सर्व्हेअर १७९७-९८ च्या सुमारास तिथं पहिल्यांदा गेला आणि त्याला हे काहीतरी मोठं आहे हे कळलं, पुन्हा १८१६ साली माणसं घेऊन आला तोवर टेकाडाच्या मधोमध तळं खोदायचं काम झालेलं होतं. पण त्या माणसानं शिळांची एकेक करून चित्रं काढून घेतली, नकाशे केले, ती चित्रं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि एक मोजणीच्या खात्याशी आयुष्यभर संबंध आलेला माणूस म्हणून मी मॅकेन्झीला आणि त्याच्या हाताखालच्या ड्राफ्ट्समनना मानतो. मोजणी अशी करावी.

त्याच्यानंतर मात्र जे झालं त्याला वाचवणं म्हणायला माझी जीभ धजत नाही. १८३० च्या आसपास रॉबर्टसन नावाच्या अधिकाऱ्यानं काही शिळा मच्छलीपट्टणला नेल्या, कशाला तर त्यानं वसवलेल्या बाजारपेठेत शोभेसाठी उभ्या करायला. १८४५ साली वॉल्टर एलियट, गुंटूरचा कमिशनर, त्यानं पुन्हा खोदलं आणि बरीच शिल्पं मद्रासला पाठवली. तिथं ती कित्येक वर्षं उघड्यावर उन्हापावसात पडून होती. मग १८५९ साली त्यातली १२१ शिल्पं जहाजात भरून लंडनला पाठवली. लंडनला पोचल्यावर कुठं ठेवली? नदीकाठच्या धक्क्यावरच्या गोदामात. मग तिथून फाइफ हाउसमध्ये, जिथं तेव्हा इंडिया म्युझियम होतं, तिथं काही घोडागाडी ठेवायच्या शेडमध्ये, काही बाहेरच्या भिंतीला लावून उघड्यावर, लंडनच्या पावसात आणि थंडीत. १८६७ साली भारतीय वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन पॅरिसच्या प्रदर्शनासाठी काहीतरी शोधत होता तेव्हा त्याला ती तिथं सापडली, म्हणजे आपल्याकडं काय आहे हे ठेवणाऱ्यांना पण धड माहीत नव्हतं. १८८० साली इंडिया म्युझियम मोडलं तेव्हा ती तुमच्याकडं आली, जिन्याच्या भिंतीवर लागली, मग काही दशकं तळघरात, आणि १९९२ साली कुठं आत्ताची ती हवामान सांभाळणारी खोली झाली. १८५९ ते १९९२ मोजा. १३३ वर्षं होतात. आत्ता तुम्ही नीट सांभाळताय हे मान्य, डोळ्यांनी बघून आलोय. पण आत्ता नीट सांभाळताय म्हणून तेव्हा वाचवायला नेलं होतं असं होत नाही.

एलियटच्या नावावरून या शिल्पांना एलियट मार्बल्स म्हणायची पद्धत पडली. यात मार्बल काही नाही, तो पलनाडचा चुनखडीचा दगड आहे, फिकट हिरवट-पांढरा, आणि एलियटनं त्यातलं काहीच घडवलेलं नाही. आमच्याकडं जमिनीच्या एखाद्या तुकड्याला कसणाऱ्या कुळाचं नाव पडतं आणि दोन पिढ्यांनी लोकांना वाटतं की तोच मालक, हे मी इतक्या वेळा बघितलंय.

बरं मग मालक कोण?

हे मी जरा सविस्तर सांगतो कारण सगळं पत्र यासाठीच आहे. अमरावतीच्या शिळांवर लेख आहेत, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, आणि आपली मराठी ज्या घराण्यातून आली त्याच भाषेतले ते असल्यामुळं मला तर काही शब्द न समजावता कळतात. त्यातला एक लेख राजा वासिष्ठीपुत्र स्वामी श्री पुळुमावीच्या काळातला आहे. इसिल नावाचा माणूस, गहपती म्हणजे गृहस्थ पुरीचा मुलगा, त्यानं भावांसकट, बहिणींसकट, बायको नाकनिका आणि मुलांसकट महाचैत्याच्या पश्चिम दाराशी धम्मचक्र बसवलं. आणि त्या लेखात एक वाक्य आहे, 'महाचेतिये चेतिकियानं निकायस परिगहे'. म्हणजे हे महाचैत्य चेतिकीय नावाच्या भिक्खुसंघाच्या ताब्यातलं, त्यांच्या परिग्रहातलं. पश्चिम दाराला पण 'अपरदारे' असा शब्द आहे. देणारा कोण, कुणाच्या राज्यात, कुणाबरोबर, कुठं बसवलं, कुणाच्या हक्कात. साहेब, हा सातबारा आहे. याहून स्पष्ट नोंद मी चौतीस वर्षांत फार कमी वेळा बघितली.

दुसरा एक लेख आहे तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून अंगणात जाऊन बसलो होतो. चम्मकार विधिक, उपाध्याय नागाचा मुलगा, त्यानं आई, बायको, भाऊ, मुलगा नाग, मुली, नातेवाईक, मित्र, सगळ्यांना सोबत घेऊन पूर्णघटाची म्हणजे भरलेल्या कलशाची एक शिळा दिली, 'देयधम' म्हणजे धर्मदान म्हणून. चम्मकार म्हणजे चामड्याचं काम करणारा. माझ्या वडलांनी १९५७ साली दीक्षा घेतली, बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्म दिला त्याच्या पुढच्या वर्षी, त्याच्या आधी आमच्या माणसांना गावातल्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, दान द्यायचं लांब राहिलं. आणि इथं दोन हजार वर्षांपूर्वी एक चामड्याचं काम करणारा माणूस, ज्याचा बाप शिकवणारा होता, तो आपल्या बायकोपोरांची नावं गुंफून महाचैत्यावर शिळा लावतोय आणि ती तिथं लागतेय, गंधिकाच्या म्हणजे अत्तरवाल्याच्या, गहपतीच्या, भिक्खुनीच्या दानाशेजारी. हा दगड म्हणजे माझ्यासाठी कला नंतर आहे. आधी तो पुरावा आहे की आम्ही होतो.

यातली कुठली शिळा आज चेन्नईत, कुठली लंडनात, कुठली कोलकात्यात यावर मी जात नाही, कारण चैत्य एकच होतं आणि सगळ्या शिळा एकाच दाव्यातल्या आहेत. मुद्दा हा की देणाऱ्यानं ज्याला दिलं त्याचं नाव लिहून ठेवलंय. त्यानं राजाला दिलं नाही, जमीनदाराला दिलं नाही, कंपनीला तर नाहीच नाही.

आमच्या महाराष्ट्रात देवस्थान इनाम म्हणून जमिनीचा एक प्रकार असतो, वर्ग ३ म्हणतात त्याला. त्यात मालक म्हणून देवाचं नाव लागतं. पुजारी किंवा वहिवाटदार पिढ्यानपिढ्या ती जमीन कसत असला तरी त्याचं नाव इतर हक्कात लागतं, मालक म्हणून नाही, आणि त्याला ती परस्पर विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. समजा एखाद्या वहिवाटदारानं विकलीच, आणि घेणाऱ्यानं पुढं तिसऱ्याला विकली, तिसऱ्यानं चौथ्याला, आणि प्रत्येक वेळी कागद अगदी नीट केला, तरी पहिला व्यवहारच ज्याच्या हातात नव्हता त्यानं केलेला असल्यामुळं पुढचे सगळे फेरफार रद्द होतात. चौथा माणूस प्रामाणिक असतो बऱ्याचदा. त्यानं पैसे मोजलेले असतात, विहीर काढलेली असते, मी त्याच्या डोळ्यात पाणी बघितलंय. तरी जमीन देवाचीच राहते. तुम्ही या प्रकरणातले ते चौथे माणूस आहात. एलियटकडून मद्रास सरकार, तिथून इंडिया म्युझियम, तिथून १८८० साली तुम्ही. तुमचा फेरफार तुमच्या बाजूनं नीट असेल, पण पहिला देणारा कोण होता? चेतिकीय निकायाचा एक तरी भिक्खू, किंवा त्या चैत्यावर हक्क सांगणारं कुणी एक तरी, यानं संमती दिल्याचा कागद आहे का?

तुम्ही म्हणाल की तो संघ तर तेव्हा उरलाच नव्हता, जागा ओस होती, बेवारस. ओस कधीपासून, हा प्रश्न आहे. ११८२ साली कोट घराण्यातल्या केत राजानं धान्यकटकच्या बुद्धासाठी गावं दिली, अखंड दिवे लावायची सोय केली, तो लेख तिथल्याच अमरेश्वर मंदिराच्या खांबावर आहे, आणि त्यात उंच चैत्याचा उल्लेख आहे. शिवाच्या देवळात बुद्धाच्या दानाचा लेख, आणि राजानं दोघांना दिलेलं. १३४४ सालच्या श्रीलंकेतल्या गडलादेणिय इथल्या लेखात धम्मकित्ती या ज्येष्ठ भिक्खूंनी धान्यकटकला जाऊन तिथल्या मूर्तिगृहाचा जीर्णोद्धार केल्याचं म्हटलंय. म्हणजे समुद्र ओलांडून डागडुजी करायला माणसं येत होती. तिबेटी परंपरेत तर बुद्धानं कालचक्र या तंत्रमार्गाचा उपदेश याच ठिकाणी केला असं मानतात, ल्हासाजवळच्या ड्रेपुंग मठाचं नाव धान्यकटक या नावावरूनच आहे, आणि जानेवारी २००६ मध्ये दलाई लामांनी अमरावतीलाच कालचक्राचा विधी केला, हजारो लोक आले होते. दिव्यांची टेकडी हे नाव तरी कुठून आलं असेल, लोक विसरले तरी नाव विसरत नाही. बेवारस कशाला म्हणायचं मग. वारस थोडी वर्षं घरी नव्हता एवढंच झालं, आणि नंतर आला. १९५६ नंतर आम्ही पण आलो.

आणि दान पोचलं की नाही हे बघायची जबाबदारी कुणाची, याबद्दल आमच्याकडं एक जुना दाखला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातल्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे, पुळुमावी त्याचाच मुलगा, म्हणजे अमरावतीच्या लेखात ज्याचं नाव आहे तोच राजा नाशिकच्या लेखातही आहे. गौतमीपुत्रानं आपल्या अठराव्या वर्षी भिक्खूंना २०० निवर्तनं शेत दिलं, निवर्तन म्हणजे तेव्हाचं जमिनीचं माप. सहा वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की ते गाव वसलेलं नाही आणि शेत कुणी कसत नाही, म्हणजे दान कागदावर आहे पण भिक्खूंना काही मिळत नाही. तर त्यानं आणि त्याच्या आईनं गोवर्धनच्या सामक नावाच्या अमात्याला म्हणजे अधिकाऱ्याला हुकूम पाठवला की नगराच्या हद्दीवरची राजाच्या खासगीतली १०० निवर्तनं त्यांना द्या. आणि वर लिहिलंय की त्या शेतात कुणी अधिकाऱ्यानं शिरायचं नाही, त्रास द्यायचा नाही. तलाठी होतो म्हणून सांगतो, हा लेख मी लेण्यात उभा राहून वाचायचा प्रयत्न केला तेव्हा अंगावर काटा आला होता. एवढा मोठा राजा, दिलेलं दान पोचलं नाही तर स्वतःच्या खासगीतून भरून देतो, त्यात त्याचा अपमान झाला नाही.

तुमच्यावर एकट्यावर सगळं टाकायचं नाही मला. १८८० साली मद्रासचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम याच्या हुकमावरून अमरावतीची जागा सरसकट साफ केली गेली आणि मधोमध खड्डा झाला, पुढच्या वर्षी पुरातत्त्व खात्याचा जेम्स बर्जेस पोचला तेव्हा बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. त्यानंही उरलेल्या शिळा मद्रासला पाठवल्या. तेव्हा एच. एच. कोल म्हणून प्राचीन वास्तूंचा क्युरेटर होता, इंग्रजच, त्यानं विरोध केला होता की ज्या त्या जागीच ठेवा, हवं तर साचे काढा. हाच कोल १८६९-७० मध्ये सांचीला गेला होता आणि पूर्वेच्या तोरणाचा साचा काढून त्याच्या प्लास्टरच्या प्रती युरोपात पाठवल्या होत्या, म्हणून सांचीचं तोरण आज सांचीला उभं आहे. म्हणजे त्या काळात कुणाला कळतच नव्हतं असं नाही, तुमच्याच माणसाला कळत होतं, ऐकलं गेलं नाही. मद्रासला नेलेल्या शिळा म्युझियमच्या भिंतीत सिमेंटनं बसवल्या, त्या नंतर काढताना किती त्रास झाला असेल. आज सगळ्यात जास्त शिल्पं चेन्नईलाच आहेत आणि ती पण अमरावतीला गेली पाहिजेत असं माझं मत आहे, ते पत्र वेगळं लिहीन. पण चेन्नईला जायला त्या गावच्या माणसाला व्हिसा लागत नाही.

मी अमरावतीला पण गेलो. विजयवाड्यावरून बसनं, नदीच्या कडेकडेनं. एक गोल जागा, विटांचा पाया, गवत, काही उभे केलेले खांब. शेजारी पुरातत्त्व खात्याचं छोटं म्युझियम. दुपारची वेळ होती, शाळेची पोरं आली होती, मास्तर त्यांना तेलुगूत काहीतरी सांगत होते आणि हातानं हवेत घुमटाचा आकार करून दाखवत होते. मी नदीवर गेलो, पाण्यात हात घातला. हे पाणी माझ्या गावावरून आलेलं, असं आपलं मनात आलं.

कायद्याचं तुम्ही सांगणार हे मला माहीत आहे. १९६३ चा ब्रिटिश म्युझियम ॲक्ट, त्यात विश्वस्तांना वस्तू काढून द्यायला बंदी आहे, अगदी थोडे अपवाद सोडले तर. वाचलाय मी तो. पण कायदा ही माणसांनीच केलेली गोष्ट आहे आणि तुमच्याच पार्लमेंटनं २००९ साली नाझी काळात लुटलेल्या वस्तूंसाठी वेगळा कायदा करून तुमच्यासारख्या म्युझियमना त्या परत द्यायची मोकळीक दिली. तेव्हा वाटलं ना की इथं जुना नियम अडवतोय, तो बदलू. तसं इथं का वाटू नये. तुम्ही विश्वस्त म्हणून पार्लमेंटकडं मागणी तरी करू शकता, आम्हाला ही मुभा द्या म्हणून. ती मागणी करायला कुठला कायदा आडवा येत नाही.

आणि लंडननं कधी दिलंच नाही असंही नाही. सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धाच्या दोन पट्टशिष्यांचे अस्थी कनिंगहॅम आणि मेसी या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८५१ साली सांचीच्या स्तूपातून आणि शेजारच्या सातधाऱ्यातून काढले, ते तुमच्या शेजारच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेले, आणि १९४७ साली परत दिले गेले. श्रीलंकेत दर्शनाला ठेवले, १९४९ ला कोलकात्यात आले, ३० नोव्हेंबर १९५२ ला सांचीच्या नव्या विहारात बसवले. आज तिथं दरवर्षी नोव्हेंबरात लोक दर्शनाला जातात, आमच्या गावातून पण गाडी जाते. यानं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट रिकामं झालं नाही. २०२५ साली पिपरहवाची रत्नं, १८९८ साली पेप्पे नावाच्या इंग्रज जमीनदाराला स्तूपात सापडलेली, त्याच्या वंशजांनी हाँगकाँगच्या लिलावात काढली तेव्हा जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, लिलाव थांबला आणि जुलैत रत्नं भारतात आली. आली, पण विकत घेऊन आली, भारतातल्या एका उद्योगसमूहानं पैसे मोजले तेव्हा. त्या दिवशी मला आनंद झाला आणि रात्री झोप पण लागली नाही. बुद्धाच्या अस्थींबरोबर पुरलेल्या वस्तूंची किंमत ठरली हे काही केल्या मनातून जात नव्हतं.

उसनं देऊ म्हणाल तर तेही बोलून टाकतो. २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं महाराष्ट्रात आली, तीन वर्षांसाठी, आधी साताऱ्याला. आमच्याच भागातली गोष्ट, रांगा लागल्या होत्या, मी पण नातवंडांना घेऊन गेलो. पोरांनी विचारलं की तीन वर्षांनी काय, मी सांगितलं की परत जाणार, तर धाकटी म्हणाली मग आलीच कशाला. सात वर्षांची आहे ती. मला तिला उत्तर देता आलं नाही. अमरावतीच्या शिळा उसन्या नकोत. चैत्याला स्वतःची शिळा उसनी देता येत नाही.

तुमच्याकडं २०२३ साली चोरीचं प्रकरण झालं, दोन हजारांच्या आसपास वस्तू गेल्या किंवा खराब झाल्या असं तुम्हीच सांगितलं. मला त्यात आनंद नाही, कुठल्याही दप्तरातून वस्तू जाणं वाईटच, आणि आमच्याकडं तर मूर्तिचोरी आजही होते, देवळातली मूर्ती रात्रीत जाते. त्याच आंध्रातल्या चंदवरमहून चोरीला गेलेलं असंच एक चुनखडीचं बौद्ध शिल्प ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं २०१६ ला भारताला परत केलं. तेव्हा सांभाळायची जबाबदारी आमच्या सरकारची आहे आणि ती नीट घ्यावी म्हणून आम्ही त्यांच्याही मागं लागू. पण सांभाळायला जमतं की नाही यावर मालकी ठरत नाही. गरिबाच्या घराला कडी नाही म्हणून त्याचे दागिने शेजाऱ्याचे होत नाहीत.

परत देणं एका दिवसात होणार नाही हे मला कळतं. मधल्या काळात एवढं तरी करा, की त्या खोलीतल्या प्रत्येक लेख असलेल्या शिळेखाली तो लेख पूर्ण लिहा, मूळ प्राकृत आणि अर्थ, देणाऱ्याच्या बायकापोरांच्या नावांसकट. एलियटचं नाव मोठ्या अक्षरात आणि देणाऱ्याचं कुठंच नाही असं नको. बुद्धपौर्णिमेला त्या बुद्धपदापुढं वंदनेला बसायची परवानगी द्या, लंडनमध्ये आमची, श्रीलंकेची, थाई, तिबेटी माणसं पुष्कळ आहेत, फुलं बाहेर ठेवतील, शांतपणे बसतील. आणि तुमच्याकडच्या, चेन्नईच्या, कोलकात्याच्या, दिल्लीच्या, पॅरिसच्या सगळ्या शिळांचं एकच दप्तर तयार करा, कुठली शिळा कुठल्या खांबाला लागत होती ते मॅकेन्झीच्या चित्रांवरून जुळवून, म्हणजे ज्या दिवशी घर पुन्हा लागेल त्या दिवशी वीट शोधत बसायला नको.

आणि एक अर्ज. आमच्या कचेरीत कुणीही साधा माणूस येऊन आपल्या जमिनीच्या कागदाची नक्कल मागू शकतो, शंभर वर्षांपूर्वीचा फेरफार असला तरी रेकॉर्ड रूममधून काढून द्यावा लागतो. तसाच हा माझा अर्ज समजा. १८५९ साली ही १२१ शिल्पं मद्रासहून निघाली तेव्हा ती देण्याचा अधिकार ज्यानं वापरला, त्याला तो अधिकार महाचैत्याकडून किंवा संघाकडून कसा मिळाला, हे दाखवणारा जो कागद तुमच्या दप्तरात असेल त्याची खरी नक्कल मला मिळावी. नकलेची जी काही फी असेल ती भरायला तयार आहे. कागद नसेल तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा मारून, सही-शिक्का करून द्यावा. आमच्याकडं तसाच देतात.

आपला,
एक निवृत्त तलाठी,
कृष्णाकाठ, जि. सांगली